हिरव्या दोऱ्याचे कपडे

परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात मी रेक्टर होते असं सांगितलं, की आमच्या डोंबिवलीत लोक पहिला प्रश्न हमखास विचारतात, "खातात काय हो ती मुलं?" आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, "आंघोळबिंघोळ करतात ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिळेल ते खातात आणि आपल्या मुलांसारखीच मेसला नावं ठेवतात. दुसऱ्या प्रश्नावर पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचे. आता तो प्रश्न मला ऐकवत नाही. का ऐकवत नाही ते सांगायला बसले आहे.

आमचं वसतिगृह एका खासगी कॉलेजचं. ठाकुर्ली स्टेशनपासून रिक्षाने गेलं तर जवळ आणि चालत गेलं तर लांब, अशा जागी. एका बाजूला मुलांची विंग, दुसरीकडे मुलींची, मध्ये मेस आणि मागे धुण्याची खोली. आफ्रिकेतली, नेपाळ-भूतानची, आखातात वाढलेली अशी सगळीकडची मुलं. इथल्या इथे शिकणाऱ्या मुलांच्या रेक्टरला शिस्त सांभाळावी लागते. परदेशी मुलांच्या रेक्टरला शिस्तीच्या आधी पाणी सांभाळावं लागतं. त्याशिवाय पोलिसांकडची नोंदणी, व्हिसाच्या तारखा, घरच्या आठवणीने रडणाऱ्यांना चहा, आणि ताप आला की दवाखाना.

इमारत उभी आहे तिथे पूर्वी भाताचं शेत होतं. ते ज्यांचं होतं त्या आगरी घरातल्या थोरल्या सूनबाई म्हणजे आमच्या हिराकाकू. जमीन विकली गेली, मुलांनी मोठं घर बांधलं, दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या, तरी काकू रोज सकाळी आमच्या धुण्याच्या खोलीत हजर. गळ्यात जाडजूड माळ, हातात गोठ, साडीचा पदर कमरेला खोचलेला. नवीन आलेल्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना एकदा चुकून ट्रस्टीबाई समजून नमस्कार केला होता. काकूंनी तो घेतलाही.

"घरात कशाला बसू? सुनांची तोंडा बघत?" त्या म्हणायच्या. "हा आमचाच शेत हाय. आधी भात लावायचो, आता पोरा लावलीत."

धुण्याची त्यांची एक पद्धत होती. मूल दाखल झालं की काकू त्याचे सगळे कपडे मागवून घ्यायच्या आणि प्रत्येकाच्या आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायच्या. एका मुलाचा एक रंग. नावं त्यांना वाचता यायची नाहीत असं नाही, पण ही नावं वाचून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. दोरा बघितला की कपडा कुणाचा ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. लाल दोरा म्हणजे मस्कतला वाढलेला मुलगा. हा एसी लावून खिडकी उघडी ठेवायचा. मी ओरडले तर म्हणाला, "मॅडम, मला थंडीही आवडते आणि हवाही." त्याचा लाल दोरा दिवसाला दोन शर्टांवर दिसायचा. पिवळा दोरा भूतानच्या शेरिंगचा. तो गोड पोरगा, ताटात भाताचं शीत ठेवायचा नाही, पण नळ मात्र गळता सोडायचा, कारण त्याच्या गावात डोंगरातून पाणी आपोआप येतं आणि ते बंद करायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं.

हिरवा दोरा चिसोमोचा.

चिसोमो मलावीहून आला होता, सिव्हिल शिकायला. उंच, किडकिडीत, हसला की सगळा चेहरा हसायचा. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचा सोम्या करून टाकला. आणि पहिल्याच आठवड्यात त्या दोघांचं वाजलं, कारण सोम्याची धुण्याची पिशवी जवळजवळ रिकामीच आली. आत फक्त मोजे.

काकू तरातरा माझ्याकडे आल्या. "मॅडम, यो पोऱ्या कपरे धुवाला देत नाय. पारोसा फिरतंय."

मी त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला की त्याचा शर्ट मळलेला नाही. कालचाच आहे, परवाचाही तोच होता, रात्री खिडकीत वाळत घातला होता, उन्हात झटकला होता. मळला की देईन. मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे रोज धुतलेलं घालतात. त्यावर त्याने विचारलं, "का?" आमच्या घरात आईने सकाळी आंघोळ न केलेल्या माणसाला ओट्याला हात लावू दिला नाही. धुतलेलं म्हणजे चांगलं आणि न धुतलेलं म्हणजे पारोसं. ह्याला का असतो हेच मला कधी सुचलं नव्हतं.

तो अर्ध्या बादलीत आंघोळ करायचा. मोजे विसळलेलं पाणी मागच्या कढीपत्त्याला घालायचा. मेसमधल्या पेल्यातलं उरलेलं पाणी कुणी ओतून टाकलं की त्याचा चेहरा असा पडायचा, जणू कुणी त्याच्याच ताटातलं उचललं. मुलं चेष्टा करायची. तो करू द्यायचा.

कॉलेजने एकदा शाश्वत जीवनशैलीवर कार्यक्रम ठेवला. परदेशी विद्यार्थ्यांनी आपापले विचार मांडायचे, मागे भलामोठा फ्लेक्स, पाहुण्यांना प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी. मुलं इंटरनेटवरून छान छान वाक्यं काढून आली होती. पृथ्वी आपली आई आहे वगैरे. मस्कतवाल्याने तर टाळ्या घेतल्या. मग चिसोमो उठला. तो म्हणाला, "मला पृथ्वीबद्दल फार माहिती नाही. माझ्या घरी पाणी माझी बहीण मर्सी आणते. गावाबाहेरच्या हातपंपावरून, डोक्यावर. मी शर्ट रोज धुतला तर तिला एक खेप जास्त पडते. म्हणून मी रोज धुवत नाही. इथे नळ आहे, पण माझ्या हाताला ते कळत नाही." आणि तो खाली बसला. टाळ्या जरा उशिराच वाजल्या. इतक्या वर्षांत एवढं मात्र मला पटलंय, की मुलाची पाण्याकडे बघण्याची नजर त्याच्या देशावरून ठरत नाही. त्याच्या घरी पाणी कोण भरतं यावरून ठरते.

कार्यक्रमाला काकू दाराशी उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना कळलं नाही, म्हणून मी नंतर सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनीही विहिरीवरून पाणी भरलेलं होतं. पण हार मानतील तर त्या काकू कसल्या? दुसऱ्या दिवशी पुन्हा सोम्याच्या खोलीच्या दाराशी.

"दे रं एक तरी शर्ट."

"नको, काकू. मना नको." हे तो चक्क काकूंच्या बोलीत म्हणायचा. मराठी तो त्यांच्याकडूनच शिकला. आमचे पुण्याहून आलेले मराठीचे प्राध्यापक त्याचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावायचे.

"वास येल अंगाला. कनची पोरगी बोलंल तुझ्याशी?"

"माझा वास हाय, काकू. चांगला हाय."

काकू हसता हसता खाली बसायच्या.

त्याने काकूंना मात दिली नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे पिशव्या. काकूंच्या खोलीत दाराच्या मागे एक मोठी पिशवी लटकायची, आणि तिच्यात कोंबून भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दुकानातून आलेली एकही पिशवी काकू टाकायच्या नाहीत. घडी घालून आत. आपल्या कुठल्या घरात अशी पिशव्यांची पिशवी नसते? चिसोमोच्या डोक्याला ती बघून झिणझिण्या यायच्या. तो कापडाची पिशवी घेऊन बाजारात जायचा आणि भाजीवाल्याशी वाद घालायचा.

एकदा त्याने काकूंना समजावून सांगायचं ठरवलं. मी धुण्याच्या खोलीत चादरी मोजून घेत होते. त्याने एक पिशवी उचलली, ताणून दाखवली. "काकू, ही मरत नाय. तू मेली, मी मेलो, मॅडम मेली. आपुन सगली मेलो तरी ही पिशवी ऱ्हील."

"मग चांगलाच हाय ना!" काकू म्हणाल्या. "टिकाव माल."

तो डोकं धरून बसला. मी एवढी हसले की चादरींची मोजणी चुकली आणि पहिल्यापासून करावी लागली.

चिसोमोचं शेवटचं वर्ष चालू होतं. पावसाळा सरत आला होता. अशा दिवसांत आमच्याकडे डासांचा त्रास होतो, फवारणी होते, तरी एखाददुसरा मुलगा आजारी पडतोच. त्या वर्षी आधी शेरिंग पडला. अंग फुटतंय म्हणून रडायचा, थंडी वाजायची. चिसोमो त्याच्या खाटेशेजारी बसून राहायचा. लायब्ररीतल्या एसीसाठी म्हणून त्याने घरून एक मरून रंगाचा स्वेटर आणला होता, तो त्याने शेरिंगच्या अंगात चढवला आणि वर पांघरूण घातलं. शेरिंग बरा झाला.

मग चिसोमोला ताप आला. मी त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये हलवलं. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी काही कमी केलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक उगाच काहीबाही बोलले. डेंग्यू काही जणांना सोडतो, काहींना सोडत नाही. काकू रोज डब्यातून पेज घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी त्याने थोडी प्यायली. "काकू, चांगली हाय," म्हणाला. नंतर त्याला बोलवेना. आणि मग तो गेला.

माझ्या नोकरीत मी अनेक आईबापांना फोन केले. मूल नापास झालं म्हणून, पासपोर्ट हरवला म्हणून, पळून गेलं म्हणूनसुद्धा. हा फोन कसा करायचा हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पलीकडे मर्सीने उचलला. मी सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं?" मी म्हटलं, आम्ही होतो. खरंच होतो.

त्यांच्या वकिलातीने मदत केली, कॉलेजने तिकीट काढलं आणि भावाला घेऊन जायला मर्सी येणार असं ठरलं. कागदपत्रं व्हायला चार-आठ दिवस लागणार होते.

ती येण्याआधीच काकूंनी ते केलं. त्यात त्यांचं काय चुकलं हे मला आजही सांगता येत नाही. आपल्याकडे घरात माणूस गेलं की काय करतात? सगळं धुतात. अंथरूण, पांघरूण, कपडे, फरशी. आणि परक्या देशातून बहीण येणार, तिच्या हातात भावाचे पारोसे कपडे कसे द्यायचे? काकूंनी खोली उघडायला लावली. खुंटीवरचा शर्ट, खुर्चीवरची पँट, उशीचा अभ्रा, चादर, टॉवेल, हॉस्पिटलमधून परत आलेले कपडे, पलंगाखालच्या पिशवीतले मोजेसुद्धा, हिरव्या दोऱ्याचं जे जे होतं ते सगळं त्या खाली घेऊन गेल्या. मशीनला लावलं नाही. दगडावर बसल्या. नळ पूर्ण सोडला.

मी वरच्या जिन्यातून बघत होते. पाणी दारातून बाहेर वाहत होतं आणि काकू एकेक कपडा आपटत, पिळत, पुन्हा पाण्यात टाकत होत्या. तोंडाने त्याच्याशी बोलत होत्या. "कवा धू दिला नाय. एक दिस धू दिला नाय मना. आता बोल. आता बोल नको म्हनून."

मी त्यांना थांबवलं नाही. माझ्याही मनात आलं, किती मायेने करतायत. नीळ घातली, कडक उन्हात वाळवले, इस्त्री केली. घड्या अशा, की दुकानातून आत्ता आणल्यासारख्या.

मर्सी आली. भावासारखीच उंच, पण हसू नव्हतं. मान ताठ. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बायकांची असते तशी. मी तिला त्याच्या खोलीत नेलं. काकू दाराशी उभ्या राहिल्या, कपड्यांचा गठ्ठा त्यांनी पलंगावर आधीच ठेवला होता. मर्सीने तो बघितला आणि खाली बसली. वरचा शर्ट उचलून नाकाशी धरला. बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. उशीचा अभ्रा उचलला, चादर उचलली. ती भराभर करायला लागली, एक टाकून दुसरं. मला काही कळेना. मग ती माझ्याकडे वळली.

"न धुतलेलं काही नाही?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"आईने मागितलं आहे," ती म्हणाली. "ती म्हणाली, पेटी बंद असेल, मला तो बघता येणार नाही. त्याने अंगात घातलेलं काहीतरी आण. धुऊ नकोस." आणि मग, "तो कधी धुवायचा नाही. मला वाटलं सगळ्यालाच त्याचा वास असेल."

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. पण तिने शर्ट नाकाशी धरले होते ते त्यांनी पाहिलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय बोलतंय ती?" मला सांगावं लागलं. दुसरा कुणी नव्हता सांगायला.

काकू भिंतीला टेकल्या आणि भिंतीवरूनच घसरत खाली बसल्या. पदर तोंडात कोंबला. एवढे दागिने घातलेली, साऱ्या वसतिगृहाला धाकात ठेवणारी बाई, लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. "मी घालवला गं बाई. त्याचा वास मी घालवला."

मर्सी उठली नाही, रागावली नाही, त्यांना जवळही घेतलं नाही. तिच्यात तेवढं बळच नव्हतं. ती इस्त्रीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. एका शिवणीशी तिचं बोट थांबलं. "हा दोरा कसला?"

मी काकूंची पद्धत सांगितली. हिरवा तुझ्या भावाचा. या इमारतीत हिरवा दोरा असेल ते सगळं त्याचं.

माझं बोलणं संपलं तसे काकूंचे हुंदके थांबले. त्या उठल्या, नाक पुसलं आणि बाहेर गेल्या. कॉरिडॉरमध्ये त्यांचा आवाज ऐकू आला, "शेरिंग! ए शेरिंग! सोम्याचा स्वेटर कुठं हाय? मरून! तुझ्या अंगात घातलेला!"

शेरिंग त्यांच्यामागून आला. त्याच्या छातीशी स्वेटर होता. "मॅडम, मैंने छुपाया नहीं. देना था," तो म्हणाला. "तकिये के नीचे रखा था. धोया नहीं. उसी ने बोला था, धोना मत, साफ है." आपल्यामुळे चिसोमो आजारी पडला असं त्याने डोक्यात घेतलं होतं. डास कुणाला विचारून चावत नाही हे मी त्याला किती वेळा सांगितलं, पण ते त्याच्या मनातून गेलं असेल असं वाटत नाही.

काकूंनी स्वेटरची आतली शिवण उलटी करून मर्सीला दाखवली. हिरवा टाका.

मर्सीने स्वेटर चेहऱ्यावर घेतला आणि तशीच बसून राहिली. आम्ही तिघं उभे होतो. खाली मेसमध्ये भांड्यांचा आवाज चालू होता. शेवटी तिने स्वेटर खाली केला, शेरिंगकडे बघितलं.

"तुझाही आहे यात," ती म्हणाली. "आणि तोही आहे. थोडा."

शेरिंग रडायला लागला तेव्हा मात्र तिने त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. इस्त्रीचे कपडे तिने नेले नाहीत. मुलांना द्या, म्हणाली. चिसोमोलाही तेच आवडलं असतं, आणि पुढे बरीच वर्षं आमच्या कॉरिडॉरमध्ये हिरव्या दोऱ्याचे शर्ट वेगवेगळ्या पाठींवर दिसत राहिले. मला ते बघवायचं नाही, पण मी कधी कुणाला काढायला सांगितलं नाही. स्वेटर ती कापडाच्या पिशवीत ठेवत होती. चिसोमोचीच बाजारात न्यायची पिशवी, तीही आता धुतलेली.

काकू म्हणाल्या, "थांब."

खाली गेल्या आणि दाराच्या मागच्या पिशव्यांच्या पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. चांगली जाड, कुठल्यातरी साडीच्या दुकानातली. फुंकर मारून उघडली, भोक नाही ना ते उजेडात धरून पाहिलं. स्वेटर आत ठेवला, वरून हवा दाबून काढली आणि तोंड पिळून गाठ मारली. गाठीवर आणखी एक गाठ. मला चिसोमोचा चेहरा आठवला आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

पिशवी मर्सीच्या हातात देताना काकू म्हणाल्या, "तो बोलायचा, आपुन सगली मेलो तरी पिशवी ऱ्हील." "ऱ्हाऊ दे. आयशीला सांग, वास जाणार नाय."

"काय म्हणाल्या?" मर्सीने मला विचारलं.

मी सांगितलं, दोन्ही. तो काय म्हणायचा, आणि काकू काय म्हणाल्या.

मर्सीने पिशवी सामानात टाकली नाही. गाडीत बसल्यावर मांडीवर घेतली आणि दोन्ही गाठी पुन्हा एकदा ओढून पाहिल्या.